टाकलेल्या वस्तूला बोलतं करताना: पहिलं काम हाती घेणाऱ्यांसाठी

'टाकाऊपासून टिकाऊ' हे आपण शाळेपासून ऐकत आलो. बाटलीची फुलदाणी, वर्तमानपत्राची टोपली, करवंटीचा पक्षी. यातून हात तयार होतात, त्यामुळे त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण ते करताना आपण नकळत एक गोष्ट शिकतो: वस्तू मुळात काय होती हे जितकं झाकलं जाईल तितकं काम चांगलं. 'ही बाटली आहे हे कळतच नाही!' ही त्यातली सगळ्यात मोठी दाद. समाजातल्या एखाद्या प्रश्नाबद्दल काम करायचं असेल तर मात्र नेमकं उलट करावं लागतं. ही बाटलीच आहे, ती अमुक ठिकाणाहून आली, कोणीतरी टाकली आणि कोणीतरी उचलली, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. ती वस्तू साक्ष द्यायला उभी आहे. तिला रंग फासून गप्प करू नका.

माझं पहिलं काम याच चुकीपायी वाया गेलं. नाल्यातून काढलेल्या बाटल्या मी घासूनपुसून निळ्या रंगवल्या आणि त्यांची एक मोठी लाट उभी केली. लोक आले, 'सुंदर' म्हणाले, फोटो काढून गेले. नाल्याबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. विचारणार तरी कसं? नाल्याची एकही खूण मी शिल्लक ठेवली नव्हती. वर रंग लावल्यामुळे त्या बाटल्या भंगारवाल्यानेही घेतल्या नाहीत. पुढे जे सांगतोय ते सगळं त्या लाटेनंतर शिकलेलं आहे.

आधी प्रश्न, तोही एका वाक्यात

'पर्यावरण वाचवा' हा प्रश्न नव्हे, ती भिंतीवरची घोषणा झाली. अशा घोषणेसमोर माणूस थांबत नाही. प्रश्न इतका लहान करा की त्यात कोण, काय करतं आणि कोणाचं नुकसान होतं हे सगळं मावलं पाहिजे. या लेखात आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू: 'आपण फुटलेली काच तशीच कचऱ्यात टाकतो आणि ती कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागते.' या वाक्यात चूक कोणाची, इजा कोणाला, हे आलं आणि उपायही त्याच्या पोटातच आहे. काच जाड कागदात गुंडाळायची, वर 'काच' असं ठळक लिहायचं आणि वेगळी द्यायची. काम बघून घरी गेलेला माणूस त्याच संध्याकाळी हे करू शकतो. पहिल्या कामासाठी अशीच मागणी निवडा, जी पुरी करायला कोणाची परवानगी लागत नाही.

वाक्य पक्कं करण्याआधी ज्यांना तो त्रास होतो त्यांच्याकडे जा आणि ऐका. तुम्ही काचेबद्दल विचारायला गेलात आणि समोरची बाई म्हणाली की काचेपेक्षा वापरलेली ब्लेडं जास्त कापतात, तर प्रश्न बदला. आपण मनात बांधलेलं चित्र त्यांच्यावर लादण्यापेक्षा हे कितीतरी बरं. याच भेटीत एक आकडा विचारून घ्या: गेल्या महिन्याभरात किती वेळा हात कापला? एका साध्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाकून तो लिहा. ही वही पुढे फार उपयोगी पडते.

साक्षीदार शोधा

आता वस्तू. 'माझ्याकडे खूप झाकणं साठली आहेत, त्यांचं काय करू?' असं मला नेहमी विचारतात. सुरुवात अशी झाली की काम सहसा शोभेच्या वाटेला जातं. प्रश्न हातात घेऊन वस्तूकडे जायचं आणि विचारायचं, या घटनेच्या वेळी तिथे हजर असलेली वस्तू कोणती?

एल अनात्सुई या कलावंताचं काम बघण्यासारखं आहे. ते १९४४ साली घानामध्ये जन्मले आणि त्यांची बरीचशी कारकीर्द नायजेरियातल्या न्सुक्का इथे गेली. मद्याच्या बाटल्यांची अॅल्युमिनियमची झाकणं आणि गळ्याभोवतीच्या पट्ट्या चपट्या करून, तांब्याच्या तारेने एकमेकींना बांधून ते भिंतभर पडदे करतात. लांबून ते जरीचं वस्त्र वाटतं. जवळ गेलं की झाकणांवरची छापील नावं दिसू लागतात. युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेत मद्य आणलं आणि त्या व्यापाराचे धागे गुलामांच्या व्यापाराशी गुंतलेले होते. हा सगळा इतिहास त्या झाकणात आधीपासूनच आहे, वरून चिकटवलेला नाही. २०१५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा 'सुवर्णसिंह' पुरस्कार मिळाला.

मोझांबिकमध्ये १९९२ साली यादवी युद्ध संपलं तेव्हा घराघरांत बंदुका उरल्या होत्या. १९९५ पासून तिथल्या चर्चच्या परिषदेने लोकांकडून शस्त्रं घेऊन बदल्यात शिवणयंत्रं, सायकली, शेतीची अवजारं द्यायला सुरुवात केली. ती शस्त्रं कापून निकामी केली गेली आणि तुकडे कलावंतांच्या हाती आले. त्यांतून मापुतोमध्ये घडवलेला एक 'जीवनवृक्ष' आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बंदुकीची नळी तिथे फांदी झाली आहे, तरी ती बंदुकीची नळीच आहे हे लपत नाही.

माझ्या मनाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण चिलीतल्या बायकांचं. १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसं उचलून नेली गेली आणि परत आलीच नाहीत, अशा बायकांनी गोणपाटावर कपड्यांचे तुकडे शिवून आपल्या आयुष्यातली चित्रं मांडली. तुरुंग, रिकामी खुर्ची, सामुदायिक स्वयंपाक. काहींनी तर बेपत्ता माणसाच्याच कपड्याचा तुकडा वापरला. हे तुकडे लपवून देशाबाहेर गेले आणि तिथे काय चाललंय हे त्यांनी जगाला दाखवलं. सुई, दोरा, चिंध्या आणि गोणपाट एवढ्यावर हे झालं, हे नव्याने सुरुवात करणाऱ्याने लक्षात ठेवावं.

आपल्या उदाहरणात साक्षीदार कोण? पहिल्यांदा काचच सुचते. पण काच चमकते, सुंदर दिसते आणि मांडणाऱ्यालाही कापते. मी ती निवडणार नाही. मी मागेन फाटलेले हातमोजे. कचरा उचलणाऱ्यांनी वापरून टाकून दिलेले, बोटांपाशी चिरलेले. प्रत्येक चीर म्हणजे एक काच. ती चीर लाल दोऱ्याने, जाणूनबुजून ठसठशीत टाक्यांनी शिवायची आणि असे शंभर मोजे ओळीने टांगायचे. आणखी काही करायची गरज नाही.

गोळा करताना

प्रत्येक वस्तू वहीत नोंदवा. कुठे मिळाली, कोणत्या तारखेला, कोणाकडून, एकूण वजन किती. 'खूप कचरा' म्हटल्याने कोणी हलत नाही, 'या दोनशे पावलांच्या रस्त्यावर तीन दिवसांत अकरा किलो' म्हटलं की ऐकणारा वळून बघतो. फक्त तो आकडा तुम्ही स्वतः तोलून लिहिलेला असला पाहिजे.

जाड तळाचे बूट आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय उचलायला जाऊ नका. सुया, औषधांच्या बाटल्या, रक्त लागलेलं काही दिसलं तर त्याला हात लावायचा नाही, कितीही 'प्रभावी' वाटलं तरी. फुगलेली किंवा गळकी बॅटरी, जुन्या पद्धतीचे काचेच्या नळीचे टीव्ही, फुटलेल्या ट्यूबलाइट यांच्यापासूनही लांब राहा. त्यांत शिसं, पारा असे विषारी पदार्थ असतात. जुन्या दारं-खिडक्यांच्या रंगातही शिसं असू शकतं, म्हणून तो रंग घासून काढायच्या भानगडीत पडू नका.

वापरलेले मोजे किंवा कापड आधी गरम साबणाच्या पाण्यात धुवा. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात अर्धा तास ठेवा, स्वच्छ पाण्यातून काढा आणि वाळवा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अॅसिड किंवा अमोनिया असलेलं काही कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. एक मात्र सांभाळा: धुवायचं ते जंतू जावेत म्हणून, डाग जावेत म्हणून नव्हे. ग्रीसचा काळा डाग राहू द्या.

प्लास्टिक असेल तर तळाशी त्रिकोणात छापलेला आकडा बघा. ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ज्यात थर्माकोल येतो. या दोघांना उष्णता द्यायची नाही. पीव्हीसी तापलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो डोळे आणि फुप्फुसं जाळतो. खरं तर नवख्याने कुठलंच प्लास्टिक वितळवू नये. कापा, भोकं पाडा, विणा. त्यात करण्यासारखं भरपूर आहे.

माती, पानं, खळ आणि रंग

निसर्गातून घेताना मी एकच नियम पाळतो: जे गळून पडलंय तेच उचलायचं. झाडाची साल सभोवार काढली तर झाड मरतं, कारण पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. रिकामा वाटणारा शंख एखाद्या खेकड्याचं पुढचं घर असू शकतो. सुकी फांदी, शेंगा, बिया आणल्यावर त्यात कीड असतेच असं समजून चाला. फ्रीझरमध्ये मावणारे तुकडे पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे त्यात ठेवले की बहुतेक कीड मरते. मोठ्या फांद्या कडक उन्हात फिरवून फिरवून वाळवाव्या.

डिंक विकत आणण्यापेक्षा खळ करा. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न राहता कालवा. तीन वाट्या पाणी उकळत ठेवा आणि कालवलेला मैदा त्यात धार धरून सोडा, हात ढवळत राहू द्या. पांढरेपणा जाऊन मिश्रण पारदर्शक आणि जाडसर झालं की उतरवा. बाइंडिंगवाले पूर्वी खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकत. तो विषारी आहे, मुलं असतील तिथे नकोच. लवंगेच्या तेलाचे चार थेंब पुरतात आणि उरलेली खळ दोन-तीन दिवसांत संपवावी.

कागदाच्या लगद्याला घाई चालत नाही. कागद फाडून रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी उकळा, कुटा किंवा वाटा, पाणी पिळून काढा आणि खळ मिसळून मळा. सगळे जण चुकतात ते थराच्या जाडीत. एकदम दोन बोटं जाड थर दिला की वरून सुकतो, आत ओल राहते आणि आठवड्याभरात बुरशी धरते. अर्ध्या सेंटीमीटरचा थर द्या, वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या, मग पुढचा.

कापड रंगवायचं असेल तर सुती कापडावर वनस्पतीचा रंग नुसता बसत नाही, त्याला आधी पकड द्यावी लागते. १०० ग्रॅम कोरड्या कापडाला सुमारे २० ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात भिजवून त्यात कापड मुरू द्या, वाळवा. मग १५ ते २० ग्रॅम तुरटीच्या पाण्यातून काढा. यानंतर मंजिष्ठेने लाल, डाळिंबाच्या सालीने पिवळा रंग चांगला बसतो. हिरड्यात भिजवलेलं कापड तुरटीऐवजी गंजक्या लोखंडाच्या पाण्यात घातलं तर राखाडी ते काळा येतो. गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवले की ते पाणी तयार. हळदीचा पिवळा फार मोहक, पण उन्हात काही दिवसांतच उडतो. टिकायला हवं तिथे हळद नको. मात्र तिचा एक गुण कामाचा आहे: साबणाच्या पाण्याने ती लालसर होते. हळदीने रंगवलेल्या कापडावर ब्रशने साबणाचं पाणी घेऊन लिहिलं की अक्षरं लाल उमटतात. सांडपाण्याबद्दल काही करत असाल तर लोकांसमोर हे करून बघा.

जोडणं, म्हणजे निम्मं काम

नवशिक्यांची कामं तिसऱ्या दिवशी खाली येतात ती जोडणीमुळे. २, ४ आणि ५ आकड्याच्या प्लास्टिकला, म्हणजे बहुतेक झाकणं, डबे, पिशव्या यांना, साधा गोंद धरतच नाही. त्यांचा पृष्ठभाग असा असतो की गोंद त्यावर पसरून चिकटत नाही, सुकला की पापुद्र्यासारखा निघतो. गरम गोंदाची बंदूकही उन्हात मऊ पडते. म्हणून भोक पाडा आणि बांधा. तार, सुतळी, टाका, नट-बोल्ट, खाच. भोक कडेपासून निदान एक सेंटीमीटर आत असावं, नाहीतर वजनाने फाटतं.

बांधण्याचा दुसरा फायदा असा की बांधलेलं सोडवता येतं. कागदावर प्लास्टिक चिकटवलं की तो ना कागद राहिला ना प्लास्टिक, दोन्ही पुनर्वापरातून बाद. कचऱ्याबद्दल बोलणारं काम शेवटी कोणालाच नको असा नवा कचरा ठरावं, हे मला सहन होत नाही. चमकी, स्प्रे पेंट, थर्माकोलचा पाया हे सगळं याच कारणासाठी टाळा.

कोणाच्या हातांनी

एकट्याने करण्यापेक्षा दहा जणांनी मिळून केलेलं काम कमी सफाईदार होतं, पण त्याची साक्ष जास्त खरी असते. त्यासाठी कृती अशी हवी की दहा मिनिटांत शिकता येईल, आणि माप सगळ्यांना सारखं. १९८७ साली अमेरिकेत एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत गोधडी शिवायला सुरुवात झाली, तेव्हा प्रत्येक तुकड्याचं माप ठरवलं ३ फूट बाय ६ फूट, साधारण एका थडग्याएवढं. आत काय शिवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनमध्ये १,९२० तुकडे अंथरले गेले. माप एक असल्यामुळेच अनोळखी माणसांचं दुःख शेजारी शेजारी बसू शकलं.

क्रोशाचंही असंच. डाइना टाइमिन्या या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली दाखवलं की ठराविक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेलं की विणकाम आपोआप झालरीसारखं वळतं, प्रवाळासारखं दिसतं. त्यावरून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी २००५ साली विणलेली प्रवाळभित्ती सुरू केली. पुढे प्लास्टिक कापून केलेल्या दोऱ्यांनीही ती विणली गेली. नियम एका ओळीचा, म्हणून हजारो जणांना हातभार लावता आला. पिशवी आडवी कापून गोल पट्ट्या काढा, एकीत एक अडकवा, की तुमचाही दोरा तयार.

आपल्या मोज्यांचे टाके कोणी घालायचे? ज्यांच्या हातात ते मोजे होते त्यांनी, त्यांची इच्छा असेल तर. इथे दोन गोष्टींवर मी आग्रही आहे. कामाचा दिवस बुडवून कोणी येत असेल तर त्याला मोबदला मिळालाच पाहिजे, चहा आणि प्रमाणपत्र म्हणजे मोबदला नव्हे. आणि नाव द्यायचं की नाही, फोटो चालेल की नाही, हे प्रत्येकाला वेगवेगळं, एकटं गाठून विचारा. गटात कोणी नाही म्हणत नाही.

मिअर्ल लेडरमन युकेलेस या कलावंत बाईंनी १९७९-८० मध्ये न्यू यॉर्कमधल्या सुमारे ८,५०० सफाई कामगारांना एकेक करून भेटून हस्तांदोलन केलं आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल त्यांचे आभार मानले. त्या कामात वस्तूच नव्हती. तुमच्या मनात कधी असं आलं की इथे काही बनवायची गरजच नाही, नुसतं भेटलं तरी पुरे, तर त्या विचाराचा मान राखा.

कुठे मांडायचं, काय लिहायचं

ज्यांनी बदलायला हवं ते रोज जिथून जातात तिथे मांडा. काचेच्या प्रश्नासाठी कलादालनापेक्षा इमारतीचा जिना, लिफ्टची वाट बघायची जागा, कचऱ्याच्या डब्यांकडे जाणारा बोळ जास्त बोलका. जागेच्या मालकाची लेखी परवानगी घ्या. बाहेर निघण्याची वाट अडवू नका. सुकी पानं, कागद, फोम यांच्याजवळ दिवा किंवा उघडी वायर नको. मोकळ्या जागेत सलग कापड टांगत असाल तर त्याला चिरा ठेवा, नाहीतर वाऱ्याने त्याचं शीड होतं आणि ज्याला बांधलंय तो खांबही खाली येतो.

शेजारी पाटी लावा, तीन-चार ओळींची. 'हे शंभर हातमोजे या इमारतीचा कचरा उचलणाऱ्यांचे आहेत. लाल टाका आहे तिथे काच लागली होती. काच कागदात गुंडाळून, वर काच असं लिहून वेगळी द्या.' 'संवेदना', 'जाणीव' असे शब्द मी पाटीतून खोडून टाकतो. पाटीखाली जुन्या कागदांचा गठ्ठा आणि एक जाड पेन टांगून ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला तिथूनच कागद नेता येईल. गठ्ठा किती वेळा संपला ते वहीत लिहीत राहा.

उतरवण्याचा दिवस

मांडतानाच उतरवण्याची तारीख ठरवा. धूळ बसलेलं, अर्धं निसटलेलं काम महिनोन् महिने लटकत राहिलं की लोकांना ते दिसेनासं होतं. माती, पानं, लगदा यांचं काम असेल आणि त्यात प्लास्टिक, वार्निश वगैरे नसेल, तर ते मातीत जाऊ द्या, पावसात विरघळताना लोकांनी बघितलं तर आणखी चांगलं. बाकीचं सोडवून, प्रकारानुसार वेगळं करून भंगारात द्या. मोजे परत मागितले तर ज्यांचे त्यांना द्या.

महिनाभराने वही घेऊन पुन्हा त्याच माणसांकडे जा. गुंडाळलेली काच येते का, आणि या महिन्यात किती वेळा हात कापला, हे विचारा. जो आकडा सांगतील तो पहिल्या पानावरच्या आकड्याशेजारी लिहा. कमी झाला नसेल तरी लिहा, आणि त्यांनाच विचारा की पुढच्या वेळी काय टांगायचं.